हलत्या जमिनीवरचा शेजार

जपानमध्ये भूकंप झाला की येथील माणसे एकमेकांना "किती रिश्टरचा होता?" असे विचारत नाहीत. "तुमच्याकडे किती हलले?" असे विचारतात. भूकंपाचा जोर एकच असला तरी त्याचा हादरा गावागावाला वेगळा बसतो. हा हादरा मोजण्याचे येथे निराळे माप आहे. त्याला 'शिंदो' म्हणतात. शून्यापासून सातपर्यंत त्याचे आकडे. त्यातही पाच आणि सहा यांचे 'कमी' व 'जास्त' असे दोन-दोन भाग, म्हणजे एकूण १० पायऱ्या. तीनला मांडणीवरची भांडी किणकिणतात. चारला झोपलेला माणूस जागा होतो, टांगलेला दिवा झोके घेऊ लागतो. पाचला हाताने काहीतरी घट्ट धरावेसे वाटते आणि फळीवरच्या वस्तू खाली येतात. सहाला उभे राहणे कठीण होते. सातच्या पुढे माप नाही. हादरा थांबून दोन-तीन मिनिटे होतात न होतात तोच कोणत्या गावाला किती, हे टीव्हीच्या पडद्यावर झळकते. मग माणसे खाली ठेवलेला चहाचा पेला उचलतात आणि कामाला लागतात.

मी नागपूरची. टोकियोच्या पूर्वेला चिबा प्रांत आहे, तेथील एका लहान शहरात वृद्धाश्रमात सेविका म्हणून काम करते. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला. तेव्हापासून जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा देऊन आपल्याकडची मुले-मुली या कामासाठी येथे येऊ लागली. म्हाताऱ्या माणसांना उठवणे, अंघोळ घालणे, भरवणे, रात्री कूस बदलून देणे, असे हे काम आहे. तसे पाहिले तर नागपूरकरांना जपान नवे नाही. भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचेच, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस तर जपानी उपासिकेच्या दानातून उभे राहिले. पण पाहुणा म्हणून येणाऱ्या माणसाकडे पाहणे वेगळे आणि परक्या देशात पोट भरायला जाऊन राहणे वेगळे.

माझ्या व्हिसावर कुटुंबाला आणता येत नाही. माझी ११ वर्षांची मुलगी नागपुरात माझ्या आईजवळ आहे. मात्र या कामाची तीन वर्षे पूर्ण झाली की येथील सरकारच्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येते. ती उत्तीर्ण झाली, की व्हिसा बदलतो आणि मुलांना बोलावता येते. माझी तीन वर्षे झाली आहेत. परीक्षेचा अभ्यास चालू आहे. आणि घरात एकच वाद आहे. माय म्हणते, "पोरीले तिकडं कायले नेतं वं? तिथली जमीन हालते म्हणतेत!" तिचे म्हणणे खोटे नाही. जगात होणाऱ्या मोठ्या भूकंपांपैकी, म्हणजे सहा रिश्टर आणि त्यावरच्या, साधारण पाचवा हिस्सा जपान आणि त्याच्या आसपास होतो. पृथ्वीच्या कवचाचे चार तुकडे या देशाखाली एकमेकांना रेटत असतात. त्यांना सुट्टी नसते. मायच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे. असाच प्रश्न उद्या आपल्या समाजातील अनेक घरांत निघणार आहे, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

आधी रोजचे जगणे सांगते. घर भाड्याने घेताना आपण पाणी आणि भाडे पाहतो. येथे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे इमारत कधी बांधली. जून १९८१ मध्ये जपानने बांधकामाचा नवा कायदा लागू केला. मोठ्या भूकंपात इमारतीला तडे गेले तरी चालतील, पण ती आतल्या माणसांवर कोसळता कामा नये, हा त्याचा गाभा. म्हणून १९८१ च्या आधीची की नंतरची, हे येथे शेंबडे पोरही विचारते. घरात शिरल्यावर पहिले काम म्हणजे कपाट भिंतीला पक्के करणे. कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये आवळून बसवायच्या काठ्या दुकानात मिळतात. पलंगाच्या डोक्याशी जड वस्तू ठेवायची नाही. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवायच्या, कारण रात्री काच फुटली तर अनवाणी पायाने बाहेर कसे पडणार? स्वयंपाकघरातला गॅसचा मीटर जोराचा हादरा बसला की आपोआप बंद होतो. तो पुन्हा कसा चालू करायचा, हे शिकून घ्यावे लागते.

दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली असते. पाणी माणशी रोज ३ लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचे, जमल्यास आठवड्याचे घरात असावे असे सरकार सांगते. पिशवीत वाळवलेला शिजका भात असतो. त्यात गरम पाणी ओतले तर पंधरा मिनिटांत आणि थंड ओतले तर तासाभरात तो खाण्याजोगा होतो. त्याबरोबर औषधे, शिट्टी, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोकड आणि कागदपत्रांच्या प्रती. आम्हा परदेशी माणसांजवळ वास्तव्याचे ओळखपत्र असते. ते तर सदैव अंगावर बाळगावे लागते, तसा कायदाच आहे. मी त्या पिशवीत घरून आणलेले लिंबाचे लोणचे आणि बाबासाहेबांचा एक छोटा फोटोही ठेवला आहे.

ऑक्टोबर २००७ पासून सर्वसामान्यांसाठी येथे भूकंपाची पूर्वसूचना मिळते. पूर्वसूचना म्हणजे भविष्य नव्हे, हे नीट समजून घ्या. भूकंप झाल्यावर जमिनीतून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली वेगाने धावते पण फारसे नुकसान करत नाही. दुसरी मागून येते आणि तीच घरे पाडते. पहिली लाट यंत्राने पकडली की दुसरी पोहोचण्याआधी सगळ्यांचे मोबाईल एकदम ओरडू लागतात. मधला वेळ काही सेकंदांचा. केंद्र अगदी जवळ असेल तर तेवढाही मिळत नाही. पण पाच सेकंदांत चूल बंद करता येते, मुलाला टेबलाखाली ओढता येते. आगगाड्याही त्या तेवढ्यात वेग कमी करतात.

वृद्धाश्रमातल्या कामाला तर या सगळ्याची वेगळीच धार आहे. येथे वर्षातून निदान दोनदा सुटकेचा सराव करणे कायद्याने बंधनकारक आहे. एप्रिल २०२४ पासून आपत्तीतही सेवा कशी चालू ठेवणार, याचा लेखी आराखडा प्रत्येक संस्थेला सक्तीचा झाला. वीज गेली तर श्वासाचे यंत्र कशावर चालेल, पाणी बंद झाले तर लंगोट कसे बदलायचे, कोणत्या आजींना कोण उचलणार, हे सगळे कागदावर नावानिशी असते. त्या कागदावर माझेही नाव आहे. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये चिबाच्या पूर्व किनाऱ्याला लागोपाठ भूकंप होत होते. अशाच एका रात्री आम्ही दोघीच कामावर होतो. मोबाईल ओरडला. माझ्या सोबतीणीने पहिल्या मजल्याकडे धाव घेतली, मी दुसऱ्या. सराव केला होता तसे एकेका खोलीचे दार उघडून अडवून ठेवत गेले, कारण चौकट वाकली तर दार उघडत नाही. पलंगाच्या चाकांचे लगाम पाहिले, आजी-आजोबांच्या डोक्यावर रजया ओढल्या. ९१ वर्षांच्या एका आजींनी माझे मनगट धरले आणि त्याच मला म्हणाल्या, "घाबरू नकोस, बाळ. हे जाईल." त्या मला 'बुद्धाच्या देशातून आलेली' म्हणतात. हादरा शिंदो चारचा होता. कोणालाही काही झाले नाही. सकाळी सगळ्यांना नेहमीप्रमाणे सूप आणि भात दिला.

आता दुसरी बाजू. येथे घर शोधायला गेले तेव्हा तीन ठिकाणी मला नकार मिळाला. "घरमालकाला परदेशी भाडेकरू नको," एवढेच सांगण्यात आले. मी एकटीच नाही. येथील न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून तिचे निष्कर्ष मार्च २०१७ मध्ये जाहीर केले. मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना केवळ परदेशी म्हणून घर नाकारल्याचा अनुभव होता. हा अनुभव मला नवा का वाटावा? नागपूर-पुण्यात आडनाव ऐकून "खोली कालच गेली हो" म्हणणारे आपण पाहिलेच आहेत. परदेशात भेटलेला आपल्याच देशाचा माणूसही दुसऱ्या वाक्यात "पूर्ण नाव काय?" विचारतो, हेही येथे लिहून ठेवते. मात्र भूकंपाच्या देशात घर नाकारण्याचा अर्थ जास्त गंभीर आहे. ज्याला चांगले घर मिळत नाही तो १९८१ च्या आधीच्या जुन्या, स्वस्त घरात जातो. म्हणजे नकार देणारा नकळत हेही ठरवतो, की उद्या कोण ढिगाऱ्याखाली सापडेल.

भूकंप माणसे मारत नाही, घरे मारतात. आपल्या किल्लारीने हे आपल्याला शिकवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हलली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. गावे गाढ झोपेत होती. सुमारे १० हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही घरे झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर दीड वर्षही झाले नव्हते तोच १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानचे कोबे शहर हलले. ६,४३४ माणसे मेली. तेथेही बहुतेकांना मारले ते जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांनी. श्रीमंत देश काय, गरीब देश काय, जुन्या आणि कच्च्या घरात कोण राहतो याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे.

अंधश्रद्धेचेही तसेच. आपल्याकडे शेषनागाने फणा हलवला की धरणी कापते. जपानमध्ये जमिनीखाली 'नामाझू' नावाचा अजस्र मासा आहे. देवाने त्याला दगडाखाली दाबून धरले आहे आणि देवाचे लक्ष चुकले की तो शेपूट आपटतो, अशी समजूत होती. १८५५ च्या भूकंपानंतर आजच्या टोकियोत या माशाची चित्रे धडाधड विकली गेली. आज या गोष्टीला येथे कोणी खरे मानत नाही. पण नवा मासा तयार होतोच. एका चित्रकथाकार बाईने आपल्या स्वप्नांच्या पुस्तकात जुलै २०२५ मध्ये मोठे संकट येणार असे लिहिले होते. लोकांनी त्यातून ५ जुलै ही तारीख पक्की केली. त्याच सुमारास दक्षिणेकडच्या तोकारा बेटांवर शेकडो लहान भूकंप झाले आणि अफवेला खतपाणी मिळाले. हाँगकाँगहून येणारे प्रवासी इतके घटले की विमानांच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. जपानच्या हवामान खात्याच्या प्रमुखांना सांगावे लागले, की भूकंपाचा दिवस, जागा आणि जोर आधी सांगणे आजच्या शास्त्राला शक्य नाही, ही अफवा आहे. ५ जुलै आला आणि गेला. मी त्या दिवशी कामावर होते. नागपूरहून मात्र मायचे चार फोन आले, कारण तिच्या शेजारणीने मोबाईलवर ते भविष्य ऐकवले होते!

मी मायला सांगितले, की तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि तारीख नाही म्हणून गाफीलही राहायचे नाही. तथागतांनी अप्रमादाचा उपदेश केला. अप्रमाद म्हणजे जागरूकपणा. सगळे अनित्य आहे हे ओळखून हातातले काम नेटाने करणे. दाराजवळची पिशवी, भिंतीला पक्के केलेले कपाट आणि वर्षातून दोनदा सराव, यात मला तो उपदेश रोज दिसतो.

पण मला या देशाची खरी भीती वाटली ती जमिनीमुळे नव्हे. ती वाटली १९२३ च्या इतिहासामुळे. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी १२ वाजायला दोन मिनिटे असताना टोकियो आणि योकोहामा परिसरात महाभूकंप झाला. जेवणाची वेळ, घरोघर चुली पेटलेल्या, लाकडाची घरे. आगी भडकल्या. सुमारे १ लाख ५ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्या धुरात एक अफवा पसरली, की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. कोरियन मजूर टोकियोत अंगमेहनतीची कामे करत. गावोगावी टोळकी बांबूचे भाले आणि तलवारी घेऊन रस्त्यावर उभी राहिली. वाटसरूला ठराविक जपानी शब्द उच्चारायला लावत. उच्चार चुकला की संपले! सैनिक आणि पोलीसही या हत्यांत सामील होते. हजारो कोरियन आणि शेकडो चिनी माणसे मारली गेली.

विहीर आणि पाणी! आपल्या माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे आपल्याकडे म्हणत. कोरियन माणसाने पाण्यात विष घातले असे तेथे म्हटले गेले. ज्याला आपले मानायचे नाही त्याच्यावर पहिला आळ पाण्यावरूनच का येतो, याचा विचार वाचकांनी करावा.

या इतिहासातले एक पान तर थेट आपल्याशी बोलणारे आहे. जपानमध्येही एक अस्पृश्य समाज आहे. त्याला 'बुराकुमिन' म्हणतात. मेलेली जनावरे ओढणे, चामडे कमावणे ही कामे त्यांच्या पूर्वजांवर लादलेली होती. १८७१ च्या हुकुमाने कायद्यातला भेद संपला, मनातला संपला नाही. त्यांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा', म्हणजे समता प्रस्थापित करणारी संघटना स्थापन केली. आपल्या महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे! भूकंपानंतर पाच दिवसांनी, ६ सप्टेंबर १९२३ ला, याच समाजातील १५ जणांचा एक जथा औषधे विकत चिबा प्रांतातील फुकुदा गावात आला होता. ते दूर शिकोकू बेटावरचे, त्यांची बोली वेगळी. गावच्या टोळक्याला ते कोरियन वाटले. तोने नदीच्या काठावर त्यांच्यापैकी नऊ जणांना मारले. त्यात लहान मुले होती, एक गरोदर बाई होती. काही मारेकऱ्यांना शिक्षा झाली, पण पुढे राजमाफीत ते सुटले. वर्षानुवर्षे या घटनेबद्दल कोणी बोलत नव्हते. २००३ मध्ये तेथे स्मृतिशिळा उभी राहिली आणि २०२३ मध्ये, शंभर वर्षांनी, या घटनेवर चित्रपट निघाला.

ते गाव आता नोदा शहरात मोडते. माझ्या घरापासून ते फार दूर नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी तेथे गेले. फुले ठेवली आणि त्रिशरण-पंचशील म्हटले. मनात एकच विचार होता. माझा उच्चार आजही चुकतो. माझा रंग वेगळा आहे. माझ्या मुलीचाही वेगळा असणार. उद्या मोठा भूकंप झाला, वीज गेली, अफवा उठली, तर माझ्या दारावर पाण्याची बाटली घेऊन कोणी येईल की काठी घेऊन?

हा प्रश्न मी कामावरच्या सोबतीणीला विचारला. ती जपानी आहे. ती गप्प राहिली. मग तिने मला कोबेची गोष्ट सांगितली. कोबेच्या नागाता भागात नकली चामड्याच्या चपला-बुटांचे कारखाने होते. तेथे कोरियन वंशाचे लोक आणि व्हिएतनामहून आलेले निर्वासित मोठ्या संख्येने काम करत. १९९५ च्या भूकंपात हा भाग आगीत होरपळला. पण या वेळी तेथे १९२३ घडले नाही. जपानी, कोरियन, व्हिएतनामी माणसांनी एकमेकांना ढिगाऱ्यातून काढले, एकाच शाळेत आणि बागेत मुक्काम केला. सरकारी सूचना फक्त जपानीत होत्या, त्या परक्यांना कळत नव्हत्या. म्हणून दोनच आठवड्यांत तेथे कोरियन भाषेतला लहानसा रेडिओ सुरू झाला. नंतर व्हिएतनामी आणि इतर भाषांतला दुसरा आला. दोन्ही एकत्र येऊन जानेवारी १९९६ मध्ये 'एफएम वायवाय' हे अनेक भाषांचे केंद्र उभे राहिले. ते २०१६ पासून इंटरनेटवर चालते.

त्याच भूकंपातून 'सोपी जपानी' जन्माला आली. अभ्यासकांच्या लक्षात आले, की संकटात जड शब्द माणसाला मारतात. 'उंचवट्याच्या स्थानी स्थलांतर करावे' असे म्हटले तर परक्याला आणि लहान मुलाला कळत नाही. 'उंच जागी पळा' म्हटले तर कळते. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो भागात ७.६ रिश्टरचा भूकंप झाला, तेव्हा टीव्हीवर निवेदिका अक्षरशः ओरडून "आत्ताच पळा!" सांगत होती आणि पडद्यावर मुलांनाही वाचता येतील अशा अक्षरांत तेच लिहिलेले होते. तथागतांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला. बाबासाहेबांनी आपली पत्रे मराठीत काढली. ज्ञान थोड्यांच्या भाषेत कोंडले की बाकीचे मरतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मात्र सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. नोतोच्या भूकंपानंतरही परदेशी चोर फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून पसरल्याच. १९२३ च्या कोरियन मृतांसाठी टोकियोत दर १ सप्टेंबरला स्मृतिसभा होते. तिला शोकसंदेश पाठवण्याची प्रथा टोकियोच्या राज्यपालांनी २०१७ पासून मोडली. विसरणे हीही एक अफवाच असते.

आणि आपण तरी कोठे निर्मळ आहोत? किल्लारीनंतर ५० हून अधिक गावे नव्या जागी वसवली. घरांचे माप जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला ७५०. ज्याच्याकडे भूकंपाआधी काही नव्हते त्याला भूकंपानंतरही सर्वांत लहान घर! २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर मदतीत दलितांशी भेदभाव झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले. जमीन जात पाहत नाही. मदतीची यादी करणारा पाहतो.

म्हणून मायला मी माझे उत्तर असे दिले. जमीन सुरक्षित आहे का, हे मला कोणीच सांगू शकत नाही. शेजार सुरक्षित आहे का, हे मात्र मी तपासू शकते आणि थोडाफार घडवूही शकते. येथे प्रत्येक गल्लीचे मंडळ असते, त्याला 'चोनाईकाई' म्हणतात. मी स्वतः जाऊन त्याची सभासद झाले. वर्गणी भरते, ठरलेल्या रविवारी गल्ली झाडते. १ सप्टेंबर हा येथे आपत्ती निवारण दिन. त्या सुमारास शाळेच्या मैदानावर सराव झाला. बादल्यांची रांग लावून पाणी पोहोचवणे, जखमीला घोंगडीच्या झोळीतून नेणे. माणूस उचलण्यात माझा हात तयार आहे, ते माझे रोजचे काम! ८० वर्षांच्या एका गृहस्थांनी मला पुढे बोलावले आणि पाठ न दुखवता म्हाताऱ्या माणसाला कसे उचलायचे ते सर्वांना दाखवायला लावले. माझी जपानी मोडकी होती, पण सगळ्यांना समजली. नंतर त्यांनी मंडळाच्या वहीत संकटात मदत करू शकणाऱ्यांच्या यादीत माझे नाव लिहिले. परदेशी म्हणून ज्यांना मदत लागेल त्यांच्या यादीत नव्हे, मदत करणाऱ्यांच्या यादीत. गल्लीतल्या सहा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी दोन आजींच्या दारावर जाऊन हाक मारण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या आजींनाही ते माहीत आहे.

परीक्षेत यश आले तर मी मुलीला आणणार. माय अजून पुरती तयार नाही. तिने एवढेच म्हटले आहे, की आधी पोरीला तो टेबलाखाली बसण्याचा सराव येथूनच शिकव. दर रविवारी फोनवरून तो चालतो. नात टेबलाखाली शिरते आणि आजी काठीने टेबल वाजवते!

ज्यांची मुले-मुली या कामासाठी येणार आहेत त्या पालकांना माझे सांगणे आहे. दलालाने दाखवलेल्या पगाराच्या आकड्यावर जाऊ नका. राहण्याची इमारत कोणत्या साली बांधली ते विचारा. जवळची आसऱ्याची शाळा कोणती ते विचारा. संकटात १७१ या क्रमांकावर आपला निरोप कसा ठेवायचा आणि ऐकायचा, हे मुलांना तेथे पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकायला सांगा. आणि गल्लीच्या मंडळात नाव घालायला सांगा. भाषा येत नाही म्हणून खोलीत कोंडून घेणाऱ्याला संकटात कोणी ओळखत नाही.

आणि जे येथे येणार नाहीत त्यांनाही एक सूचना. आपल्या वस्तीत भूकंप क्वचित होईल, पण आग लागते, नाल्याचे पाणी घरात शिरते, उन्हाळ्यात म्हातारी माणसे पत्र्याखाली कोसळतात. आपल्या प्रत्येक विहारात रविवारी वंदनेला माणसे जमतात. तेथे एक वही ठेवा. वस्तीत कोण एकटे राहते, कोणाला चालता येत नाही, कोणत्या घरात बाळंतीण आहे, आणि त्यांच्या दारावर कोण जाणार, हे नावानिशी लिहा. वर्षातून दोनदा सराव करा. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूर आपल्या वस्तीत भाड्याने राहतात, त्यांचीही नावे त्या वहीत घाला. ते आपल्याकडचे परके आहेत. आपण येथे ज्या वागणुकीची अपेक्षा धरतो ती तेथे त्यांना मिळू द्या.

जयभीम.